पऱ्हाटी पचवणारे जिवाणू



कापसाची वेचणी आटोपली की खामगावच्या शिवारात पऱ्हाटी उपटायची, चुलीपुरती ठेवायची आणि उरलेली धुऱ्यावर पेटवून द्यायची, हे आपल्याला नवं नाही. त्या धुरात जातो तो मुख्यतः सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. रुईत तर नव्वद टक्क्यांहून अधिक हाच असतो. माणसाला तो पचत नाही, पण मातीतल्या काही जिवाणूंना पचतो. अख्खी साखळी काही त्यांना गिळता येत नाही. म्हणून ते सेल्युलेज नावाचं विकर बाहेर सोडतात, साखळी तोडतात आणि सुटलेली साखर आत घेतात.

असे जिवाणू हुडकणं आपल्या महाविद्यालयांतही जमतं. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करून सेल्युलोज घातलेल्या अगरच्या बशीवर पसरायचं. वसाहती उगवल्या की काँगो रेड हा रंग ओतायचा आणि मिठाच्या पाण्यानं धुवायचा. सेल्युलोज शिल्लक असेल तिथं लाल, फस्त झाला तिथं फिकट कडं. टीदर आणि वुड या संशोधकांनी 1982 साली ही पद्धत मांडली ती गाईच्या पोटातल्या जिवाणूंसाठी!

बरेच विद्यार्थी या कड्याचा फोटो काढून प्रकल्प संपवतात. माझी तक्रार तीच आहे. बशीत बहुधा सीएमसी असतो, म्हणजे रासायनिक बदल करून पाण्यात विरघळेल असा केलेला सेल्युलोज. तो चटकन तोडणारा जिवाणू लिग्निननं चिलखत घातलेल्या पऱ्हाटीपुढं हात टेकू शकतो.

विकर कुठल्या पाण्यात टिकतं, हेही पाहावं लागतं. आपल्याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. तिथल्या जिवाणूंची विकरं संशोधकांना हवीशी वाटतात, कारण धुण्याच्या पावडरीचं पाणीही अल्कधर्मीच. जपानच्या काओ कंपनीनं 1987 साली जिवाणूपासून मिळवलेलं असंच सेल्युलेज घालून ‘अटॅक’ ही पावडर बाजारात आणली. मात्र लोणार अभयारण्य आहे. वनविभागाच्या परवानगीवाचून तिथला नमुना उचलू नये.

तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, माती घरच्या शेतातली घ्या. कडं दिसलं की त्याच जिवाणूला पऱ्हाटीचा भुगा द्या आणि साखर किती सुटली ते मोजून लिहा.