बाळंतीण घरी आल्यानंतर



बालमृत्यूची चर्चा मुंबईच्या सभागृहात होते आणि उमरखेडला होते, यांत मोठा फरक आहे. पैनगंगेच्या काठी, अभयारण्यातल्या बंदी भागाला लागून असलेल्या या तालुक्यात आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत, बंजारा तांडे आहेत, आणि हंगाम आला की ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबे आहेत. इथल्या या परिषदेत मी एकच मुद्दा मांडणार आहे. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी आपण वीस वर्षे झटलो आणि त्याला यश आले. पण बाळंतीण घरी परतल्यानंतरच्या सहा आठवड्यांकडे आपण तितक्या गांभीर्याने पाहत नाही. आज बाळे वाचवायची तर जोर तिथे लावावा लागेल.

आकडे पाहा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात. २००५ची जननी सुरक्षा योजना आणि त्यानंतर आलेल्या मोफत वाहन व उपचारांच्या सोयी यांचे हे फळ आहे. त्याच पाहणीत राज्याचा अर्भकमृत्यू दर हजारी सुमारे २३ आहे आणि त्यातले १६ ते १७ मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले आहेत. म्हणजे वर्षभरात दगावणाऱ्या दर दहा बाळांपैकी सात पहिल्याच महिन्यात जातात. त्यांतली बरीच पहिल्या एकदोन दिवसांत जातात, त्यामुळे घरभेटींनी काय साधणार, असे काही तज्ज्ञ विचारतात. प्रश्न रास्त आहे. प्रसूतिगृहातली कुशल परिचारिका आणि नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष यांना पर्याय नाही. परंतु कमी वजनाचे बाळ ४८ तासांनी घरी जाते, तेव्हा धोका दवाखान्यातच राहत नाही, तो बाळासोबत घरी येतो.

या धोक्यावर उपाय आपल्याच विदर्भात सापडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांतल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचे वजन करायचे, घड्याळ धरून श्वास मोजायचे, बाळ दूध ओढते का, अंगाला गार लागते का, हे बघायचे. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली आणि पालक दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर औषध आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे. १९९९च्या ‘लॅन्सेट’मधल्या अहवालानुसार, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये घरभेटींच्या प्रयोगाने ३४ टक्के घट दाखवली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने घरभेटींची शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने ते काम देशभरच्या आशांकडे सोपवले.

डॉक्टर नसलेल्या बाईने सुई टोचावी का, हा आक्षेप तेव्हाही होता. त्याला उत्तर गडचिरोलीतल्या नोंदींनीच दिले आहे. पुढे २०१४ मध्ये केंद्राने, मोठ्या दवाखान्यात नेणे शक्य नसेल तेव्हा, एएनएम परिचारिकेला हेच इंजेक्शन द्यायची मुभा दिली. माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. गडचिरोलीचा प्रयोग फळला तो नियमित प्रशिक्षणाने, पाठीशी उभ्या राहिलेल्या देखरेखीने आणि हातातल्या साधनांनी. आपण मात्र योजना उचलली आणि या तिन्ही गोष्टी पातळ करून टाकल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे, त्याचे आशाताईला २५० रुपये. भेटीमागे साधारण ४२ रुपये होतात! पावसाळ्यात नाला ओलांडून तांड्यावर जाणाऱ्या बाईच्या कामाची ही किंमत लावताना आपल्याला लाज वाटायला हवी.

मूळ दुखणे गरिबीचे आहे, रस्ते आणि रोजगार द्या, बाकी आपोआप होईल, असेही म्हटले जाते. गरिबीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असलेल्या राज्यात बाळे अशक्त जन्मतात, याचे नवल नाही. पण गरिबी हटेपर्यंत तिसऱ्या दिवशी गार पडलेल्या बाळाने थांबावे का? त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून उबेत ठेवायला आणि चीक पाजायला कुठलीही पंचवार्षिक योजना लागत नाही. ते सांगणारे माणूस त्या घरात वेळेवर पोहोचावे लागते.

आणि जे कुटुंब घरातच नसते, त्याचे काय? कोयता घेऊन निघालेली गरोदर बाई फडात बाळंत होते, तेव्हा तिचे नाव इथल्या आशाच्या वहीत असते आणि बाळ दुसऱ्याच जिल्ह्यातल्या पालावर असते. दोन्हीकडच्या याद्यांत ते बाळ निसटते. म्हणून या परिषदेने शासनाकडे तीन गोष्टी मागाव्यात. स्थलांतरापूर्वी प्रत्येक गरोदर बाईची माहिती कारखाना क्षेत्रातल्या आरोग्य केंद्राला कळवावी, आणि तिथल्या आशाने पालावर जाऊन भेटी द्याव्यात. प्रत्येक आशाकडे चालू वजनकाटा आणि थर्मामीटर असावा, बिघडला तर आठवड्यात बदलून मिळावा. आणि घरभेटींचे पैसे कामाला साजेसे व महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात पडावेत. हे तिन्ही ठराव दुपारच्या सत्रात चर्चेला येत आहेत. फडातला अनुभव असलेल्या भगिनींनी त्यावर आधी बोलावे, अशी माझी विनंती आहे.