मुलांनी कोणते गाणे ऐकावे?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात पैठण येथे झालेल्या भाषणावरून)



“वाढत्या वयाच्या मुलांनी पाश्चात्त्य रॉक संगीत ऐकावे काय?” असा विषय मंडळाच्या चालकांनी मला दिला आहे. वरवर पाहता तो किरकोळ वाटेल. परंतु चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा कानांत इअरफोन घालून तासन् तास एकटा बसतो, तो काय ऐकतो हे आईबापांना ठाऊक नसते, आणि विचारावे तर त्या विचारण्यातच निकालाचा सूर असल्यामुळे तो काही सांगत नाही, ही अवस्था आज आपल्या अनेक घरांतून आहे. एका घरात राहून माणसे एकमेकांस परकी होऊ लागतात, ती अशाच लहान गोष्टींपासून. म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

बंदी हा सर्वांत सोपा उपाय. तो आपल्या देशात एकदा करून पाहिलेला आहे. १९५२ साली केंद्रीय नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. केसकर स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार होते आणि श्रोत्यांची अभिरुची उंचवावी हा त्यांचा हेतू होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परिणाम मात्र असा झाला, की लोकांनी रेडिओची कळ फिरवून सिलोन केंद्र लावले आणि तेथील ‘बिनाका गीतमाला’ घरोघर ऐकली जाऊ लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. शासनाच्या हाती सारी केंद्रे असताना जे साधले नाही, ते मुलाच्या खिशात फोन असताना बापाला कसे साधावे?

दुसरा उपाय चिठ्ठीचा. अमेरिकेत काही पालक स्त्रियांनी गाण्यांतील अश्लीलतेविरुद्ध चळवळ केली. १९ सप्टेंबर १९८५ रोजी तेथील सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि पुढे आक्षेपार्ह शब्द असलेल्या आल्बमांवर पालकांसाठी सूचनेची चिठ्ठी येऊ लागली. आजही फोनवर अशा गाण्यापुढे ‘ई’ हे इंग्रजी अक्षर दिसते. त्याचा थोडा उपयोग आहे, हे मी मान्य करतो. पण ते अक्षर शिवी मोजते; गाण्याचा आशय त्याला कळत नाही. एकही अपशब्द नसलेले गाणे मुलाच्या मनात विष कालवू शकते, आणि एखादा कडवट शब्द असलेले गाणे त्याला विचार करावयास लावू शकते.

तेव्हा पारख आपणच करावयाची. ती कशी, हे शिकण्यास पैठणकराने दूर जाण्याचे कारण नाही. हातमागावरची खरी पैठणी पारखणारा पदर उलटा करून पाहतो. मागची वीण पुढच्यासारखीच स्वच्छ असली म्हणजे त्याची खात्री पटते. आणि आपल्या नाथमहाराजांची भारुडे आठवा. एक सासुरवाशीण देवीपुढे उभी राहते आणि सासरच्या एकेका माणसाचे वाईट व्हावे म्हणून नवस बोलते! नुसते शब्द धरले, तर हे भारूड कोणत्या घरात मुलींना ऐकू द्यावे? तरीही नाथषष्ठीला आलेला वारकरी ते बायकामुलांसह ऐकतो, कारण सासरची माणसे म्हणजे जिवाला जखडणारे विकार, हा आतला अर्थ कोणीतरी त्याला उलगडून सांगतो. नाथांनी गोंधळी, वाघ्या, भुत्या यांची सोंगे आणि त्यांची रांगडी भाषा मुद्दाम घेतली. वेष रांगडा म्हणून त्यांनी गाणे टाकले नाही.

आता हीच कसोटी एका प्रसिद्ध रॉक आल्बमला लावून पाहू. ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्रज मंडळींचा ‘द वॉल’, म्हणजे ‘भिंत’, हा सव्वीस गाण्यांचा संच ३० नोव्हेंबर १९७९ रोजी निघाला. त्यातील एका गाण्यात शाळकरी मुले एका सुरात शिक्षणच नको असे म्हणतात. लंडनमधील खऱ्या शाळेतील मुलांकडून ते गाऊन घेतले होते आणि तेथील शिक्षणाधिकारी त्यावर रागावले. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीच्या निकृष्ट शिक्षणाविरुद्ध विद्यार्थ्यांनी तेच गाणे उचलले, तेव्हा १९८० साली तेथील सरकारने त्यावर बंदी घातली.

एवढेच ऐकून कोणी म्हणेल, की हे गाणे मुलांस शाळा सोडावयास शिकवते. पण पदर उलटून पाहा. ही एका मुलाची सलग कथा आहे. त्याचा बाप महायुद्धात मारला जातो. ज्यांनी हा संच मुख्यत्वे रचला त्या रॉजर वॉटर्स यांचे वडील १९४४ साली इटलीत असेच कामी आले. त्या वेळी रॉजर अवघे पाच महिन्यांचे होते. कथेतील आई मुलाला अति काळजीने कोंडून ठेवते, मास्तर वर्गात त्याची टर उडवतात, आणि प्रत्येक दुःखाची एकेक वीट रचून तो स्वतःभोवती भिंत बांधतो. मोठेपणी कीर्ती मिळते, पण व्यसन, व्यभिचार, क्रौर्य आणि पुढे हुकूमशहाचे सोंग, इतकी त्याची अधोगती होते. शेवटी ती भिंत पाडली जाते. यात व्यसनाचा गौरव नाही, त्याची किंमत दाखविली आहे. शाळेवरील राग आहे तो अपमान करणाऱ्या शिक्षणावर.

मग हा संच सर्व मुलांना द्यावा काय? माझे मत, नाही. त्यातील कामुक व हिंसक भाग बारा वर्षांच्या मुलासाठी नाहीत, आणि एकाकी, खिन्न मुलाला हा संच एकट्याने वारंवार ऐकू देणे मला सुरक्षित वाटत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने मात्र तो वडीलधाऱ्यांबरोबर जरूर ऐकावा. भारुडाजवळ अर्थ सांगणारा उभा असतो. कानातल्या गाण्याजवळ कोणी नसते. ती उणीव आपण भरून काढावयाची आहे.

प्रत्येक रॉक आल्बमला असा आतला अर्थ असतो, असे मी म्हणत नाही. पुष्कळांना नसतो. म्हणून आईबापांनी चार गोष्टी पाहाव्यात. एक, एका ओळीवरून निकाल न देता संच आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावा. दोन, वाईट गोष्टीचे वर्णन आहे की तिची भलावण आहे, हे ओळखावे. तीन, गाण्यातील स्त्री माणूस आहे की नुसती वस्तू आहे, हे पाहावे. चार, ऐकल्यानंतर आपले मूल बोलके होते की अधिक मुके होते, इकडे लक्ष ठेवावे.

इंग्रजी येत नाही, ही अडचण अनेक माता सांगतील. त्यांनी मुलालाच म्हणावे, “बाळ, याचा अर्थ मला मराठीत सांग.” जे गाणे आईपुढे सांगताना त्याची जीभ अडखळते, त्याचा निवाडा बहुधा तो स्वतःच करील, आणि जे तो उत्साहाने सांगेल, त्यातून त्याच्या मनातले आपणांस कळेल. आणखी एक विनंती. जी कसोटी मुलीला, तीच मुलाला. मुलीचा फोन काढून घ्यावयाचा आणि मुलाला वाटेल ते ऐकू द्यावयाचे, याला संस्कार म्हणता येणार नाही.

आपल्या मंडळाने दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी, एक संच मुलांनी निवडावा, एक भारूड वडिलांनी निवडावे, आणि दोन्ही सर्वांनी मिळून ऐकावीत, अशी माझी सूचना आहे.