हिशेब पाण्याचा, निभाव गावाचा
अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतलं गाव. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे श्रमदानातून डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, झाडं लागली. पण चर काय, गावोगावी खणलेत; कित्येक गाळानं बुजलेसुद्धा. हे गाव तगलं ते त्यापुढच्या कामामुळे. पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसं-जनावरं, मग पिकं. पाऊस कमी, तर रब्बीचा पेराही कमी. शेतीसाठी बोअर नाही, ऊस तर नाहीच नाही.

कुणी म्हणेल, सरकारी पैसा आला, खमका सरपंच लाभला, म्हणून जमलं. दोन्ही खरं. आदर्श गाव योजनेचा आधार मोलाचाच होता. पण निधीतून बंधारा होतो, शेजाऱ्याची बोअर थांबत नाही. आणि सरपंच काही रोज रात्री मोटारींवर पहारा देत बसत नाही. आकडे सगळ्यांसमोर मांडलेले असतात, म्हणून नियमाला वजन येतं. उरला प्रश्न, आपल्या रानात काय पेरावं हे गावानं का ठरवावं? कारण रान एकाचं असलं, तरी त्याखालचं पाणी बांध ओळखत नाही.