फेटाळलेले अपील आणि कोर्टाची पायरी



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपसांतले भांडण मिटवण्यासाठी ती चांगली आहे. परंतु ज्याला दुसऱ्याकडून पैसे वसूल करावयाचे आहेत आणि आपला दावा मात्र न्यायाधीशापुढे तपासून घ्यावयाचा नाही, त्यालाही ही म्हण फार सोयीची पडते. आज या म्हणीचा विचार मी एका साध्या उदाहरणावरून करणार आहे. उदाहरण आहे इंग्लंडातले, खाजगी जागेत गाडी उभी केल्याबद्दल आकारल्या जाणाऱ्या रकमेचे.

इंग्लंडातला विषय येथे कशाला, असे आपल्याला वाटेल. परंतु या शहरातल्या कितीतरी घरांतली मुले आज तिकडे शिकतात, इस्पितळांत आणि कचेऱ्यांत नोकऱ्या करतात. त्यांना आलेली धमकीवजा पत्रे मोबाइलवरून येथे आईबापांपर्यंत पोचतात आणि ती वाचून येथली झोप उडते. शिवाय प्रश्न नुसता मोटारीचा नाही. तो समोरच्या पक्षानेच मांडलेल्या न्यायाच्या पाटाचा आहे, आणि तो पाट आपल्याकडेही मांडला जातो.

प्रथम हे प्रकरण काय आहे ते पाहू. इंग्लंडात रस्त्यावर चुकीच्या जागी गाडी उभी केली तर नगरपालिका नोटीस देते. तिचे नाव ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. तो कायद्याने बसवलेला दंड होय. मोठ्या दुकानाच्या किंवा इस्पितळाच्या आवारात गाडी उभी केली, तर पुष्कळदा नोटीस येते ती एका खाजगी कंपनीची. तिचे नाव ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोन्हींची आद्याक्षरे तीच, पी.सी.एन. दोन्ही कागद दिसायलाही सारखे. परंतु पहिल्यामागे सरकारी सत्ता आहे. दुसऱ्यामागे केवळ एक करार आहे. आवारात पाटी लावलेली असते, तुम्ही ती वाचून गाडी आत घातली, म्हणजे पाटीवरच्या अटी तुम्ही मान्य केल्या, असा हा करार. याचा अर्थ असा की ही कंपनी तुम्हांला दंड करीत नाही. ती तुमच्याकडे येणे असल्याचा दावा करते. आणि दावा शाबीत करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते.

आता अपिलाकडे वळू. नोटीस आली की प्रथम त्याच कंपनीकडे तक्रार करावयाची. तिने ती फेटाळली की दुसरी पायरी. कंपन्यांच्या दोन संघटना आहेत, आणि प्रत्येकीच्या सभासद कंपन्यांसाठी एकेक अपील-व्यवस्था आहे. एकीला ‘पॉपला’ म्हणतात, दुसरीला ‘आय.ए.एस.’. पॉपलाकडे जाणाऱ्या मोटारवाल्याला काही पैसे पडत नाहीत. खर्च कंपन्या सोसतात. तेथे पुष्कळ अपिले मान्यही होतात, तेव्हा ती संधी सोडू नये. परंतु एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावयाची. पॉपलाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक आहे, मोटारवाल्यावर नाही. तुम्ही जिंकलात तर कंपनीला मुकाट्याने नोटीस मागे घ्यावी लागते. तुम्ही हरलात तर तुमचा एकही हक्क बुडत नाही. पैसे हवे असतील तर कंपनीलाच दिवाणी कोर्टात जावे लागते, आणि तेथला न्यायाधीश सगळे प्रकरण नव्याने पाहतो.

माणूस खचतो तो नेमका येथेच. ‘अपील फेटाळले’ हे शब्द वाचले की त्याला वाटते, निकाल लागला. मी ज्या क्षेत्रात काम करतो तेथे हे दृश्य रोजचे आहे. कारखान्यात कामगारावर आरोपपत्र येते. चौकशी-अधिकारी मालकाने नेमलेला, कागदपत्रे मालकाच्या कपाटात, आणि अपील मोठ्या साहेबाकडे. साहेबाने अपील फेटाळले की कामगार डबा उचलून घरी जातो, जणू सुप्रीम कोर्टानेच सांगितले. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1971 साली 11-अ हे कलम घालण्यात आले ते यासाठीच. बडतर्फीच्या प्रकरणात कामगार न्यायालयाला पुरावा स्वतः तपासण्याचा आणि शिक्षा कमी करण्याचा अधिकार त्या कलमाने मिळाला. घरची चौकशी ही घरचीच. न्याय तिच्या बाहेर आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. पार्किंगच्या अपिलाचेही तसेच आहे.

मग अपील हरलेल्याने पत्रे केराच्या टोपलीत टाकावी काय? मुळीच नाही. तसा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचा आधार जुना झाला आहे. 2015 च्या 4 नोव्हेंबरला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने बॅरी बीव्हिस या गृहस्थांच्या खटल्यात निकाल दिला. हे मासे व बटाट्याच्या चिप्स विकणारे दुकानदार. 2013 च्या एप्रिलमध्ये चेल्म्सफर्ड येथे दुकानांच्या आवारात त्यांनी गाडी उभी केली. दोन तास फुकट होते. ते 56 मिनिटे अधिक राहिले. कंपनीने 85 पौंड मागितले. बीव्हिस यांचे म्हणणे असे की ही रक्कम नुकसानभरपाई नसून शिक्षा आहे, आणि करारात शिक्षेचे कलम चालत नाही. सात न्यायमूर्तींपैकी सहा त्यांच्या विरुद्ध गेले. जागा अडून राहू नये, इतर गिऱ्हाइकांना मिळावी, यात कंपनीचे व जागामालकाचे रास्त हित आहे. पाट्या मोठ्या आणि स्पष्ट होत्या. रक्कम अवाच्या सवा नव्हती, असे त्यांनी ठरवले. सातवे न्यायमूर्ती लॉर्ड टूल्सन यांना हे कलम ग्राहकावर अन्याय करणारे वाटले; परंतु बहुमत ते बहुमत. तेव्हा ‘खाजगी नोटिशीला कायद्याचा आधारच नाही’ असे आज कोणी सांगेल, तर तो तुम्हांला खड्ड्यात घालील.

आपल्याकडचा नियम तिकडे लावू नये, हेही सांगून ठेवतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 74 व्या कलमाप्रमाणे करारात आकडा लिहिलेला असला तरी कोर्ट त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. इंग्लंडात तसे नाही. कलम शिक्षेचे नाही असे ठरले की लिहिलेली रक्कम पुरी द्यावी लागते.

परंतु बीव्हिस यांच्या निकालातच सामान्य माणसाची ढालही आहे. पाट्या मोठ्या आणि स्पष्ट होत्या म्हणून कंपनी जिंकली. जेथे पाटी झाडामागे आहे, रात्री दिसत नाही, किंवा रकमेचा आकडा मुंगीएवढ्या अक्षरांत आहे, तेथे करार झाला कोठे? हा विचार नवा नाही. थॉर्नटन या वादकाच्या प्रसिद्ध खटल्यात, ज्याचा निकाल 1970 च्या अखेरीस लागला, लॉर्ड डेनिंग यांनी तो मांडला. यंत्रातून तिकीट बाहेर आले तेव्हाच करार पुरा झाला. वाहनतळाच्या आत लावलेल्या अटी त्यानंतर त्या माणसावर लादता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. तो खटला अपघाताचा होता, पण तत्त्व येथेही लागू पडते.

दुसरी ढाल तारखांची. 2012 च्या एका कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी जागेत गाडीच्या चाकाला कुलूप घालण्यास बंदी झाली. त्याबरोबरच गाडी कोण चालवीत होता हे न कळल्यास, ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे त्याच्याकडून वसुली करण्याची सोय कंपन्यांना मिळाली. परंतु ती सोय अटींवर आहे. काचेवर नोटीस न लावता केवळ कॅमेऱ्यावरून नोटीस पाठवली असेल, तर ती 14 दिवसांच्या आत पोचली पाहिजे. म्हणून पाकीट फेकू नये. टपालाचा शिक्का असेल तर तोही पुरावाच. पाट्यांची छायाचित्रे घ्यावी, पैसे भरल्याची पावती जपावी. आणि खोटे एक अक्षर लिहू नये. खरी बाजू खोट्या शब्दाने हरते, हे मी चौकशांत अनेकदा पाहिले आहे.

अपील हरल्यावर जी पत्रे येऊ लागतात ती ओळखता आली पाहिजेत. तांबड्या अक्षरांतली पत्रे बहुधा वसुली करणाऱ्या संस्थांची असतात. त्या मूळ रकमेवर 70 पौंडांपर्यंत भर घालतात. सरकारने 2022 च्या फेब्रुवारीत एक आचारसंहिता काढून ही भर बंद करण्याचे ठरवले होते. कंपन्यांनी कोर्टात हरकत घेतली आणि जूनमध्ये ती संहिता मागे घेतली गेली. असो. या वसुलीवाल्यांना कोर्टाच्या हुकुमाशिवाय दारात येऊन सामान उचलण्याचा अधिकार नाही. त्यांचे पत्र वाचावे, फाइलला लावावे, घाबरू नये.

मात्र दोन कागद निराळे. एक, दावा लावण्यापूर्वीचे पत्र. त्याला उत्तर देण्यास 30 दिवस असतात. दुसरा, खुद्द कौंटी कोर्टाचा दाव्याचा फॉर्म. तो बजावल्यापासून 14 दिवसांत पोच द्यावी. मग कैफियत मांडण्यास एकूण 28 दिवस मिळतात. हे रुक्ष कागद तांबड्या पत्रांपेक्षा शतपट महत्त्वाचे. उत्तर दिले नाही तर कोर्ट तुमचे न ऐकताच एकतर्फी हुकूमनामा देते. महिन्याच्या आत पुरे पैसे भरले नाहीत तर त्याची नोंद सहा वर्षे राहते. घर भाड्याने घेताना, कर्ज काढताना ती आडवी येते. आपली मुले तिकडे वारंवार घरे बदलतात, गाडीच्या कागदांवर जुना पत्ता राहतो, दाव्याचा फॉर्म जुन्या घरी पडतो. ज्यांची बाजू भक्कम होती तेही असे हरतात. म्हणून मुलांना सांगा, घर बदलले की गाडीच्या नोंदीतला पत्ता त्याच आठवड्यात बदला आणि नवा पत्ता कंपनीला लिहून कळवा.

आणि कोर्टाची भीती? लहान दाव्यांची ही पद्धत वकिलावाचून जाणाऱ्यासाठीच बसवलेली आहे. 2024 च्या मेपासून अशा दाव्यांत सुनावणीपूर्वी टेलिफोनवर तासाभराची मोफत मध्यस्थी होते. हरल्यास, वागणूक अवाजवी नसेल तर, समोरच्याच्या वकिलाचा मोठा खर्च सहसा अंगावर पडत नाही. हुकूमनाम्याची रक्कम मुदतीत भरली की नोंदही राहत नाही. तेव्हा अपील फेटाळल्यावर मनाशी एकच प्रश्न विचारावा: माझी बाजू त्रयस्थाला पटेल काय? पाटी स्पष्ट होती, आपण वेळ ओलांडली, नोटीस मुदतीत आली, तर पैसे भरून मोकळे व्हावे; त्यात कमीपणा नाही. पण बाजू खरी असेल तर केवळ भीतीपोटी पैसे देऊ नयेत. भीतीने दिलेला प्रत्येक पैसा पुढच्या माणसाला पाठवावयाच्या पत्राचा खर्च भागवतो.

म्हण बदलण्याचा मला अधिकार नाही. पण मी माझ्या कामगारांना सांगतो तेच येथे सांगतो. विनाकारण पायरी चढू नका. परंतु कोर्टाने बोलावले असताना घरी बसू नका.