पाटी वाचता आली पाहिजे



मराठीच्या अध्यापकाने नंदिगड्डे येथे येऊन जहाजावरील विजेविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण सुपे धरणाशी वीज देणारी आपली काळी नदी पुढे कारवारला सागरास मिळते, आणि तिच्यामागून आपली मुलेही जहाजांवर जातात.

माझा एक विद्यार्थी जहाजावर पंपाची मोटर दुरुस्त करीत होता. दूरवर कोणी खटका दाबला. पाना घेण्यासाठी त्याने हात क्षणभर बाहेर काढला होता, म्हणून तो वाचला. खटक्यावर पाटी होती. दाबणाऱ्याला तिची भाषा येत नव्हती.

जहाजावर सर्वत्र पोलाद, घाम आणि खारे पाणी. ओल्या त्वचेतून प्रवाह सहज शिरतो. तेथील वीजतारा बहुधा सांगाड्यापासून अलग राखतात. त्यामुळे एका तारेचे आवरण फाटले तरी यंत्र चालूच राहते. सोय हीच आणि धोकाही हाच. दोष दडून बसतो. मग सांगाड्याला टेकलेल्या माणसाचा हात दुसऱ्या तारेस लागला, तर ४४० व्होल्टचा पूर्ण दाब त्याच्या देहावर येतो.

म्हणून प्रवाह तोडावा, खटक्याला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवावी, तार निर्जीव असल्याची मापकाने खात्री करावी. मगच हात घालावा. १९९८ पासून सक्तीची होत गेलेली आंतरराष्ट्रीय जहाज-सुरक्षा संहिताही सांगते, की सुरक्षेची माहिती कर्मचाऱ्यांना समजणाऱ्या भाषेत मिळावी.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांनी येथे अक्षरे गिरवून घेतली ती केवळ परीक्षेसाठी नव्हेत. मुलांनो, न कळलेली पाटी दिसली तर थांबा आणि विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारण्यात एखाद्याचा जीव जाऊ शकतो.