दारू आणि आपली हाडं
(खर्डी येथील बैठकीत मांडलेलं बोलणं)



दारू वाईट, असा उपदेश करायला आम्ही उभे नाही. तो उपदेश शेटही करतो आणि वीटभट्टीवर खर्चीच्या दिवशी बाटलीही तोच पुढं करतो. लिव्हर बिघडतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. हाडाचं मात्र कुणी बोलत नाही, म्हणून आज तेवढंच बोलू.

हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे, ते जितं आहे. आपण कारवीचा कूड दुरुस्त करतो तेव्हा कुजलेली काठी काढतो, नवी बसवतो, शेणमातीनं लिंपतो. शरीरही हाडाची अशीच डागडुजी कायम करत असतं. पण जो रोज भरपूर पितो, त्याच्या अंगात जुनं काढायचं काम चालू राहतं आणि नवं भरायचं काम मंदावतं. हाड आतून विरळ होतं. बाहेरून दिसत नाही, दुखतही नाही. एक दिवस बांधावरून पाय घसरला की मोडतं. मोडलेलं जुळायलाही उशीर लागतो. कुणाकुणाच्या खुब्याच्या हाडाचं रक्तच तुटतं, हाड मरतं, माणूस ऐन उमेदीत लंगडा होतो.

हाडाला कॅल्शियम लागतं. ते अन्नातून अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं. ते उन्हातून मिळतं, पण त्याला कामाचं करण्याची सुरुवात लिव्हरात होते. लिव्हरच गेलं तर ऊन असून उपयोग नाही. आणि हाडं भरतात ती तिशीपर्यंत. म्हणून भट्टीवरच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हाती ग्लास देणं म्हणजे त्याचं बियाणंच खाणं.

आता हे जमिनीशी जोडून बघा. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच तांदळात 10 च्या आसपास. नाचणी पिकते आपल्या वरकसावर. वरकस गेलं की ताटातली भाकर जाते, विकतचा तांदूळ येतो. वर दारू. म्हणजे हाड दोन्हीकडून पोखरलं जातं.

कुणी म्हणेल, मोहाची दारू तर आपल्या वाडवडलांची. खरं आहे. लग्नाला, मयताला, देवाला ती होतीच. पण दुकानाची, रोजची दारू निराळी. इंग्रज सरकारनं 1878 साली अबकारी कायदा केला. 1892 साली ठाणे-कुलाब्यासाठी मोहाचा कायदा करून मोहफुलांच्या साठ्यावर बंधनं आणली. झाड आपलं, फुलं आपण वेचलेली, आणि गुन्हेगारही आपणच! दारू मात्र ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची. पण मोहाची असो की दुकानाची, रोज प्याली तर हाडाला दोन्ही सारख्याच.

म्हणून आमचं म्हणणं असं:

1. खर्ची घरातल्या बाईच्या हाती पडली पाहिजे.
2. पिऊन कुठल्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही. सभेला, मोजणीला पिऊन यायचं नाही.
3. पोरांना आंबील, नाचणीची भाकर, सुकट द्या.
4. जो रोज खूप पितो त्यानं एकदम सोडू नये. हातपाय थरथरतात, झटके येतात, जीवावर बेततं. त्याला दवाखान्यात न्या. त्याला हसू नका.
5. हाड मोडलं तर बांबूच्या कामट्यांचा आधार बांधून दवाखाना गाठा. दुखणं मारायला दारू पाजू नका.

प्लॉटावर उभं राहायचं तर पाय धड हवेत. नांगर धरायलाही तेच लागतात आणि मोर्चात चालायलाही तेच.

जिंदाबाद!