कलासेवा व आपले तरुण
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या मेळाव्यात प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या मंदिराची इमारत, तिची वेदी व तिच्यासाठी झालेला त्याग यांविषयी पुष्कळ बोलले जाईल, आणि ते योग्यच आहे. परंतु महोत्सव समितीने मजकडे सोपविलेला विषय निराळा आहे. गायन, वादन, नाट्य व चित्रकला यांच्या द्वारे ख्रिस्तसभेची विनामूल्य सेवा करणारे आपले तरुण-तरुणी, हा तो विषय होय. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात. पन्नास वर्षे दर रविवारी ज्यांनी गाइले त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. त्यांचे ऋण मान्य करावे व त्यांच्यामागून येणाऱ्यांस दोन शब्द सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लग्नात जसे वाजंत्री, तसा मिस्सेत गायकवृंद, असे पुष्कळांस वाटते. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात वेदीसेवक, वाचक, निवेदक व गायकवृंदातील मंडळी खरेखुरे उपासनाकार्य करतात, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे पेटीवर बसलेला तरुण उपासनेला बाहेरून शोभा आणीत नाही. तो उपासनेच्या आतच असतो.

असे असता, एका तरुणाने मला विचारले, “फादर, यातून आम्हांला काय मिळते?” हा प्रश्न मला उद्धटपणाचा वाटत नाही. जो मुलगा पहाटेच्या लोकलने चर्चगेटला जातो व रात्री उशिरा विरारच्या गाडीतून उभ्याने परततो, त्याला शनिवारची एकच संध्याकाळ स्वतःची अशी उरते. तीच आपण सरावासाठी मागतो. तेव्हा त्याला प्रामाणिक उत्तर देणे आपले कर्तव्य आहे. ते उत्तर मी तीन उदाहरणांनी देतो.

पहिले उदाहरण आपल्या मराठी भाषेतलेच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशुसंघीय १५७९ साली गोव्यास आले. येथील भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ त्यांच्या हातून निर्माण झाले. ते १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे प्रथम छापले गेले व पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली तर पोर्तुगीज सरकारने देशी भाषांविरुद्ध हुकूमही काढला. मग हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला कसा? कोणा श्रद्धावान लोकांनी तो ओवी ओवी करून हाताने उतरून घेतला, जपला व पुढच्या पिढीच्या हाती दिला, म्हणून. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघाली. ग्रंथकर्त्याचे नाव आपण घेतो. नकलकारांपैकी बहुतेकांची नावे काळाच्या उदरात गेली. तथापि त्यांचे हात थांबले असते, तर फादर स्टीफन्सचे शब्दही थांबले असते. मित्रांनो, तुम्ही एखादे गीत पाठ करून लहान मुलांस शिकविता, तेव्हा हेच काम करीत असता.

दुसरे उदाहरण गोव्यातील चर्चच्या शाळांचे. तेथे ‘मेस्त’ नावाचा शिक्षक गावच्या मुलांस स्वरलिपी वाचण्यास व व्हायोलिन वाजविण्यास शिकवी, आणि ही मुले मंदिरात गात व वाजवीत. त्यांतील कित्येक पुढे पोटासाठी मुंबईस आले. विसाव्या शतकात हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा मोठा भरणा होता, तो याच शिक्षणाच्या बळावर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे अशाच एका मेस्ताचे पुत्र. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य होत. कलासेवा केल्याने सर्वांस कीर्ती व नोकरी लाभेल, असे आमिष मी दाखवीत नाही. सांगावयाचे आहे ते एवढेच की, मेस्ताने ‘देवाचे काम आहे, कसेही चालेल’ असे म्हटले नाही. सेवा फुकट आहे म्हणून ती कच्ची असावी, हा विचार देवाचाही अपमान करणारा आहे व ऐकणाऱ्यांचाही. जो तरुण येथे वेळेवर येण्यास, दुसऱ्याच्या सुरात सूर मिळविण्यास व चूक दाखविली असता न रागावण्यास शिकला, तो रिकाम्या हाताने परत जात नाही.

तिसरे उदाहरण दूरदेशीचे आहे. परंतु आपण प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक करतो, म्हणून ते आपणांस जवळचे आहे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात ओबरामरगाव नावाचे खेडे आहे. १६३३ साली प्लेगची साथ आली असता, दर दहा वर्षांनी प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक करू, असा नवस तेथील लोकांनी केला. पहिला प्रयोग १६३४ साली झाला. अगदी अलीकडचा, महामारीमुळे दोन वर्षे लांबून, २०२२ साली झाला. गावात जन्मलेल्या अथवा तेथे वीस वर्षे राहिलेल्या माणसांनीच त्यात भाग घ्यावा, असा दंडक आहे. पुरुष आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून केस व दाढी वाढवितात. केवढी ही निष्ठा! परंतु या गौरवाला दुसरी बाजूही आहे. त्या नाटकाच्या संहितेत यहुदी लोकांविषयी तिरस्कार उत्पन्न करणारे प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. १९३४ साली, त्रिशताब्दीच्या प्रयोगास, खुद्द हिटलर प्रेक्षक म्हणून हजर होता. पुढे व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, प्रभूच्या मृत्यूचा दोष समस्त यहुदी जातीवर लादता येत नाही, असे जाहीर केले. आणि त्यानंतर हळूहळू संहितेत पालट करण्यात आला. यावरून बोध असा घ्यावा की, भक्तिभाव पुरेसा नाही, सत्यही पाहिजे. आपल्या नाटकातील कैफा टाळ्या मिळविण्यासाठी राक्षस होऊ नये. येशू, मरिया व प्रेषित हे सर्व यहुदीच होते, हे प्रत्येक नटाने वेष चढविण्यापूर्वी आठवावे.

आता एक गोष्ट तरुणांस व एक वडीलधाऱ्यांस सांगतो.

तरुणांनो, एकल गीत दुसऱ्यास मिळाले म्हणून गायकवृंद सोडणारे मी पाहिले आहेत, आणि अठरा वर्षे केवळ पुस्तके वाटणारी व दिवे लावणारी माणसेही पाहिली आहेत. मंदिर कोणाच्या आधारावर उभे आहे, हे सांगणे नको. आपला आवाज लोकांनी ऐकावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु लोक आपला आवाज विसरून प्रार्थनेत बुडाले, तर तो दिवस यशाचा समजावा.

वडील मंडळींनो, या मुलांना केवळ नाताळ व सणाच्या दिवशी आठवू नका. त्यांच्या शिक्षकाचे मानधन, वाद्यांची दुरुस्ती व सरावासाठी एक स्वच्छ खोली, एवढे तरी धर्मग्रामाने द्यावे. सूर चुकला तर चारचौघांत हसू नका. लग्नासाठी भाड्याचे गायक आणणे सोपे खरे. परंतु भाड्याचा गायक मिस्सा संपली की निघून जातो, आणि आपला मुलगा उद्या आपल्या नातवंडांस शिकविण्यासाठी येथेच राहतो.

पन्नास वर्षांनी या मंदिराचा शतकमहोत्सव होईल. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजण नसू. परंतु आज येथे शिकविलेले एखादे गीत त्या दिवशी कोणाच्या तरी कंठातून निघावे, आणि ते कोणी शिकविले हे कोणास ठाऊकही नसावे, इतकीच माझी प्रार्थना आहे. पवित्र मरियेच्या मध्यस्थीने प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.